व्हर्लिन स्टकीच्या प्रेसमधला दोष

आमच्या सेज फोर्कमध्ये माणूस माणसाला काय वाट्टेल ते उसनं देतो. ट्रक देतो, करवत देतो, बर्फ ढकलायचा ट्रॅक्टर देतो. डेल्बर्टने तर भावाला लग्नाच्या फोटोपुरती स्वतःची कवळी दिली होती. पण घरी भरलेलं काडतूस कोणी कोणाला देत नाही, आणि दिलंच तर कोणी घेत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही. ज्याने भरलं त्यानेच झाडावं, एवढंच. सख्ख्या भावाने पुढे केलेलं काडतूससुद्धा लोक हसून परत करतात, "राहू दे रे, माझ्याकडे आहेत."

या नियमाला सगळ्या गावात एकच अपवाद होता, ती ओनेटा स्टकी. ओनेटा चाळीस वर्षं नवऱ्याने भरलेली काडतुसं झाडत आली. बाकीच्या बायका नवऱ्यावरचं प्रेम कसं दाखवतात ते मला माहीत नाही, माझा नवरा फार लवकर गेला. पण व्हर्लिनने भरलेलं काडतूस डोळे झाकून पिस्तुलात घालणं यापेक्षा मोठा विश्वास मी तरी पाहिलेला नाही.

मी इथल्या पोस्टात सव्वीस वर्षं बसते. कोणाच्या घरात काय बिघडलंय ते मला पार्सल हातात घेतलं की कळतं. चहाड्या करायची मला सवय नाही. हे सांगायला ओनेटाने परवानगी दिली आहे. व्हर्लिनला मी विचारलेलं नाही.

व्हर्लिनने तेहतीस वर्षं परगण्याच्या रस्त्यांवर ग्रेडर चालवला. खडीचा रस्ता सपाट करणं हे काम, आणि माणूसही तसाच झाला. टेबलावर चमचा तिरका दिसला तर बोलता बोलता सरळ करणार, दुसऱ्याच्या घरात असला तरी. त्याच्या तळघरात भिंतभर बरण्या आहेत आणि प्रत्येकीवर चिठ्ठी आहे. एका बरणीवर लिहिलंय, 'वाकडे स्क्रू, पण चांगले'. त्याच तळघरात, स्वयंपाकघराच्या बरोबर खाली, तो काडतुसं भरायचा.

काम समजायला सोपं आहे. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, बुडातली ठिणगी देणारी वापरलेली टोपी काढून नवी बसवायची, वरून चिमूटभर बंदुकीची दारू घालायची आणि तोंडाशी शिशाची गोळी दाबायची. व्हर्लिनची जुनी प्रेस, म्हणजे हे करायचं हाताचं यंत्र, एका वेळी एकच काम करायची. शंभर पुंगळ्यांच्या टोप्या काढायच्या, मग शंभरांना नव्या बसवायच्या, मग शंभरांत दारू. सगळी संध्याकाळ त्यात जायची. वर ओनेटा एकटी रेडिओ ऐकत बसायची, आणि खाली हाक पोहोचत नाही म्हणून झाडूचा दांडा जमिनीवर आपटायची. एकदा आपटला तर फोन, दोनदा आपटला तर जेवण.

आणि पहिल्या ठोक्याला व्हर्लिन "आलो!" म्हणून उठायचा. याला कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी ओनेटा पीचच्या बरण्या काढताना स्टुलावरून पडली आणि घोटा मोडला. पडल्या पडल्या तिने दांडा आपटला. व्हर्लिनने मनात म्हटलं, एवढी पन्नास संपवतो आणि जातो. ती वीस मिनिटं जमिनीवर पडून होती. ओनेटाने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. पण त्या दिवसापासून दांडा वाजला की व्हर्लिनच्या हातातलं काम तिथल्या तिथे थांबतं. लग्नात किंवा चर्चमध्ये कोणी खुर्ची सरकवली तरी तो अर्धा उठतो.

तर तो निवृत्त झाला तेव्हा ओनेटाने त्याला नवी प्रेस आणून दिली. हिच्यात पाच घरांची गोल ताटली असते. प्रत्येक घरात एक पुंगळी. प्रेसचा दांडा एकदा खाली ओढला की पाचही घरांतली कामं एकदम होतात. मग ताटली अंगठ्याने एक घर पुढे सरकवायची आणि पुन्हा ओढायचं. प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस टिंगकन डब्यात पडतं.

"आता तासाभरात वर येशील," ओनेटा त्याला म्हणाली होती. "मी काय त्या रेडिओशी लग्न केलंय का?"

व्हर्लिनला इतका आनंद झाला की नुसती जोडायलाच त्याने तीन आठवडे लावले.

आमच्याकडे उन्हाळ्यात महिन्याच्या शेवटच्या रविवारी नेमबाजीचा सामना असतो. सगळ्यांनी दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे घालायचे, जुन्या तऱ्हेची पिस्तुलं घ्यायची आणि स्वतःला एक टोपणनाव ठेवायचं. ओनेटाचं नाव 'उकळती कॉफी'. व्हर्लिनचं 'सरळ रस्ता'. ते त्याने स्वतः निवडलं आणि त्याला लोक का हसतात ते त्याला अजून कळलेलं नाही. मी 'उशिराची डाक', हातात घड्याळ घेऊन वेळ मोजते. डेल्बर्ट शिस्त बघतो, म्हणजे ओरडतो.

जूनच्या सामन्यात ओनेटा उभी राहिली. अडुसष्ट वर्षांची बाई, पायघोळ झगा, डोक्यावर पिसाची टोपी. मी घड्याळ दाबलं. ठो, ठो, आणि तिसऱ्याला फुस्स.

"थांब!" डेल्बर्ट ओरडला. ओनेटाचं बोट त्याच्या आधीच थांबलं होतं.

फुस्स म्हणजे काय ते तिथे सगळ्यांना माहीत होतं. काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या बुडातल्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत गेली आणि मध्येच अडकून बसली. तिच्यामागून पुढची गोळी सुटली असती तर नळी हातातच फुटली असती. डेल्बर्टने पिस्तूल रिकामं केलं, नळीत गज घालून ठोकून ठोकून ती गोळी बाहेर काढली आणि सगळ्यांसमोर व्हर्लिनच्या तळव्यावर ठेवली.

"तुझी आहे," तो म्हणाला.

व्हर्लिनने मूठ मिटली. तो पांढराफटक पडला होता. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी घड्याळाकडे बघत बसले, ते अजून चालूच होतं.

घरी गेल्यावर ओनेटाने टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "व्हर्लिन, माझ्याकडे मोजून दहा बोटं आहेत आणि ॲपल पायचं पीठ मळायला मला दहाही लागतात. का झालं ते शोध. सापडलं की सांग. तोवर मी बाजारची आणते."

आणि सोमवारी तिने आणली. हार्डवेअरच्या दुकानातून दोन खोकी घेतली आणि पिशवीत न घालता, हातात धरून, भर रस्त्याने चालत घरी नेली. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. व्हर्लिन दोन दिवस गावातल्या रोजच्या कॉफीलाही आला नाही.

सप्टेंबरचा सामना मोठा, तीन खोऱ्यांचे लोक येतात. तोवर दोष शोधायचा आणि ओनेटाच्या हातात पुन्हा आपली काडतुसं द्यायची, एवढंच व्हर्लिनने मनात धरलं.

मग पार्सलं सुरू झाली. आधी एक स्प्रिंग आली. मग दोन स्प्रिंगा. मग दारू मापून सोडणारा अख्खा भाग, जो व्हर्लिनने उघडला, पुसला, मोजला आणि जुना चांगला होता असं ठरवून परत पाठवला. प्रेस बनवणाऱ्यांकडे फोनवर मदत करायला कोल्बी नावाचा एक माणूस होता. व्हर्लिन त्याला आठवड्यातून तीनदा फोन करायचा. जुलैपर्यंत व्हर्लिनला कोल्बीच्या सासूचा गुडघा कसा आहे ते माहीत होतं, आणि कोल्बीला व्हर्लिनच्या तळघरातल्या प्रत्येक बरणीची माहिती होती.

"दांडा पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेता ना?" कोल्बी दर वेळी विचारायचा. "मध्ये थांबत नाही ना?"

"मी? मध्ये?" व्हर्लिन दुखावून म्हणायचा. "तेहतीस वर्षं यंत्रावर काढलीत मी."

"आणि गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावता ना?"

"डोकावतो. खोल असते, पण डोकावतो."

"मग सापडलं की मला नक्की कळवा," कोल्बी म्हणायचा. "आता मलाच झोप येत नाही."

कॉफीच्या टेबलावर तर प्रत्येकाला कारण माहीत होतं. एक म्हणाला, टेबल हलतं. व्हर्लिनने ते भिंतीत बोल्ट मारून असं पक्कं केलं की आता घर विकलं तर टेबलासकट विकावं लागेल. दुसरा म्हणाला, कपडे वाळवायच्या यंत्राने जमीन थरथरते. व्हर्लिनने ते यंत्र बंद केलं, आणि तीन दिवस ओनेटाच्या ओल्या चादरी बैठकीच्या खोलीत लटकत होत्या. डेल्बर्ट म्हणाला, दारू प्लास्टिकच्या नळीला चिकटते, नळी सुगंधी कापडाने पूस, ते कपड्यांबरोबर वाळवायला टाकतात ना, त्याने. व्हर्लिनने ओनेटाचा अख्खा डबा संपवला. महिनाभर तो पोस्टात आला की लॅव्हेंडरचा वास यायचा.

"काय रे, कोणाला भेटायला निघालास?" मी विचारलं.

"वेल्मा, चेष्टा करू नकोस. आठशे काडतुसं फोडून बघितली मी."

"आणि?"

"तिनांत दारू नाही. सातशे सत्त्याण्णवांत अगदी बरोबर." त्याने खिशातून वही काढली. वहीत प्रत्येक डब्याची वेळ लिहिलेली होती. "बघ, गंमत आहे. एक दुपारी बाराच्या सुमाराला भरलेलं. दोन संध्याकाळी साडेपाचच्या. याचा अर्थ काय?"

"काय?"

"हवामान," तो गंभीरपणे म्हणाला. आणि दमटपणा मोजायचं यंत्र मागवलं.

ते यंत्र ऑगस्टच्या सोळा तारखेला आलं. शनिवार होता, मी दुपारी पोस्ट बंद करून ते स्वतःच त्याच्या घरी घेऊन गेले. खरं सांगायचं तर मला ओनेटाच्या हातची रुबार्बची, म्हणजे आंबट देठांची, पाय खायची होती. पाय अजून भट्टीत होती, म्हणून मी खाली तळघरात गेले आणि एका उलट्या बादलीवर बसले.

व्हर्लिन भरत होता. दांडा खाली, दांडा वर, अंगठ्याने ताटली एक घर पुढे, टिंग. मान्य करायला हवं, बघत राहावं असं काम होतं. तोंडाने कोल्बीच्या नव्या बाळाची हकिगत चालू होती. दांडा खाली, वर, ताटली पुढे, आणि वरून ठक ठक.

"आलो!" व्हर्लिन म्हणाला. दांड्यावरचा हात निघाला आणि माणूस जिन्यावर. मी बादलीवरून उठेपर्यंत तो वर पोहोचला होता.

आम्ही पाय खाल्ली. कॉफी घेतली. वीस मिनिटांनी खाली आलो. व्हर्लिन प्रेससमोर बसला, बोटं मोडली, अंगठ्याने ताटली एक घर पुढे सरकवली आणि दांडा ओढला.

"व्हर्लिन," मी म्हटलं, "ती ताटली तू वर जाण्याआधी सरकवली होतीस."

"नाही."

"मी बघितली. सरकवलीस, मग ठक ठक झालं."

"वेल्मा, मी कामाच्या मध्ये कधी थांबत नाही."

"अरे बाबा, आत्ता काय केलंस मग? पाय कोणी खाल्ली?"

खरोखरच त्याच्या ध्यानात नव्हतं. बावीस वर्षं तो ठोक्याला उठत होता, त्याला ते थांबणं वाटतच नव्हतं. त्याने हळूच ताटलीतल्या पाचही पुंगळ्या काढल्या आणि एकेक दिव्याखाली धरली. एक पुंगळी दारूचं घर ओलांडून पुढे गेली होती. रिकामी. पुढच्या ओढीला तिच्यावर गोळी बसली असती. जेवून आलेल्या माणसाचं लक्ष असतं दांड्यावर, आणि पुंगळी खोल, अंधारी, तळघरातला दिवा त्याच्याच डोक्याच्या सावलीत.

"बारा," व्हर्लिन पुटपुटला. "साडेपाच." वही उघडली आणि मिटली.

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. "चल, वर जाऊन ओनेटाला सांग! सापडलं!"

"नाही सांगायचं."

"म्हणजे?"

"काय सांगू? तू जेवायला बोलावलंस म्हणून तुझ्या पिस्तुलात गोळी अडकली?" तो आवाज दाबून बोलत होता. "तिला वाटेल तिनेच केलं. आणि मग ती हाक मारायची बंद होईल. पडली तरी म्हणेल, त्याचं काम होऊ दे. वेल्मा, तुला शपथ आहे."

मी शपथ घेतली, कारण तो रडवेला झाला होता आणि मला रडवेल्या पुरुषांपुढे काही सुचत नाही. पण मनात म्हटलं, काय गाढव माणूस आहे हा.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दोन गोष्टी केल्या. प्रेसच्या तोंडाशीच एक छोटा दिवा बसवला, पुंगळीचा तळ दिसेल असा. आणि झाडूचा दांडा वाजला की आधी "आलो!" म्हणायचं, मग पाचही पुंगळ्या काढून पत्र्याच्या वाडग्यात टाकायच्या, मगच जिना चढायचा. परत आलं की पहिल्यापासून सुरुवात. त्यानंतर त्याने एक हजार भरली, दोनशे स्वतः झाडली, शंभर फोडून बघितली. सगळी चोख.

पण खरी पंचाईत आता आली. "सापडला दोष," त्याने ओनेटाला जेवताना सांगितलं.

"काय होता?"

"असंच... काहीतरी सैल होतं."

"काय सैल होतं?"

"एक भाग."

ओनेटाने काटा खाली ठेवला. हा माणूस एका बोल्टची गोष्ट सांगायला बसला तर ते लोखंड जमिनीतून निघालं तिथपासून सुरू करतो. तो 'एक भाग' म्हणतो? "बरं," ती म्हणाली, आणि सोमवारी आणखी दोन खोकी घेऊन आली. हातातच.

मी सहा आठवडे जीभ चावून राहिले. सव्वीस वर्षांत एवढा त्रास मला कुठल्या पत्राने दिला नव्हता.

सप्टेंबरचा रविवार आला. ऊन स्वच्छ होतं, तीन खोऱ्यांचे लोक जमले होते, डेल्बर्ट सकाळपासूनच घसा बसवून बसला होता. पिस्तुलं भरायच्या टेबलाशी ओनेटा आली. मी घड्याळ घेऊन शेजारी उभी होते. व्हर्लिन चार पावलं मागे, हातात आपल्या काडतुसांचा डबा. तो का आणला होता कोण जाणे, कोणी मागितला नव्हता.

ओनेटाने पिशवीतून दुकानाचं खोकं काढलं. टेबलावर ठेवलं. त्याच्याकडे बघितलं. मग न वळताच हात मागे केला.

"व्हर्लिन, तुझी दे."

व्हर्लिन जागचा हलला नाही. "पण... तू कारण विचारलं होतंस."

"कळलंय मला कारण." आता ती वळली. "बावीस वर्षं मी दांडा आपटते आणि तुझे पाय जिन्यावर वाजतात. गेला महिनाभर मी आपटते, तू आलो म्हणतोस, मग खाली पाच वेळा टिंग टिंग वाजतं आणि मग पाय वाजतात. मला काय मोजता येत नाही? काल तू ट्रकमध्ये पेट्रोल भरायला गेलास तेव्हा मी खाली जाऊन बसले त्या प्रेसपुढे. वहीही बघितली. बारा आणि साडेपाच. माझ्या घरात बारा आणि साडेपाचला काय होतं ते हवामान खात्याने सांगायला नको मला."



"मग सांगितलं का नाहीस, गाढवा?" ओनेटाचा आवाज चढला. "सांगितलं असतंस तर मी हाक मारायची थांबले असते!"

"म्हणूनच नाही सांगितलं," व्हर्लिन म्हणाला.

ओनेटाच्या टोपीवरचं पीस थरथरत होतं. मग तिने त्याच्या हातातून डबा हिसकावून घेतला, दोन्ही पिस्तुलांत पाच पाच काडतुसं भरली, एकाकडेही निरखून न बघता, आणि जाऊन उभी राहिली. मी घड्याळ दाबलं. ती दोन सेकंद नुसतीच उभी होती, डोळे पुसत. मग दहा वेळा ठो झालं, आणि दहाही निशाणं पडली.

त्या दोन सेकंदांमुळे तिचा नंबर दुसरा आला. घरी जाताना सगळ्या रस्ताभर ती त्यावरून व्हर्लिनला बोलत होती म्हणे, आणि तो हसत होता.

सोमवारी सकाळी व्हर्लिन पोस्टात आला. लॅव्हेंडरचा वास नव्हता. कोल्बीच्या नावाचं एक पोस्टकार्ड त्याने माझ्यापुढे ठेवलं आणि ते टेबलाच्या कडेशी नीट सरळ करून निघून गेला. लोकांची पत्रं मी वाचत नाही. पण पोस्टकार्ड उघडंच असतं, आणि शिक्का मारताना डोळे काही मिटता येत नाहीत. सुरेख, सरळ अक्षरात तीन ओळी होत्या.

'दोष सापडला. यंत्र उत्तम आहे. जेवण तयार होतं.'